आइसबर्ग घाटावरच्यांना राहू द्या

पत्र, थोडक्यात:

«नमस्कार ताई. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मुरबाडच्या अलीकडे सासऱ्यांची जमीन आहे, त्यातल्या एका गुंठ्यावर गेल्या वर्षी शेडनेट केलं. एक सँडविचवाला आणि दोन कॅफे म्हणाले, "आइसबर्ग द्या, कायम घेतो." म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी आइसबर्गची, म्हणजे कोबीसारखा गड्डा धरणाऱ्या सॅलडच्या लेट्यूसची, ग्रेट लेक्स ही जात लावली. निम्मं बी उगवलंच नाही. जे उगवलं त्याचा गड्डा बांधला नाही. एप्रिलमध्ये मधूनच दांडे वर आले आणि पानं कडूजहर झाली. सासूबाई रोज विचारायच्या, "तुझा कोबी वळणार कधी?" आता बियाणांच्या दुकानदाराने १४ जातींची यादी हातात ठेवली आहे. भाचा म्हणतो, माती सोड, हायड्रोपोनिक्स कर. मी कोणत्या जाती घेऊ? आणि हे पीक वर्षभर घेता येईल का?
– एक वाचक, ठाणे पश्चिम»

सासूबाईंना सांगा, तो वळणार नव्हताच. यात तुमच्या हाताचा दोष नाही आणि शेडनेटचाही नाही. ग्रेट लेक्स ही जुनी, नावाजलेली जात आहे, पण तिला दिवसा वीस-बावीस अंश आणि रात्री त्याहून बरंच कमी, असं हवामान दोन-अडीच महिने सलग लागतं. एप्रिलमध्ये मुरबाडला दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी झाड गड्डा बांधायच्या भानगडीत पडत नाही. मरायच्या आधी बी टाकून मोकळं व्हावं म्हणून ते मधून दांडा वर काढतं, कांद्याला डेंगळे येतात तसं. आणि दांडा चढायला लागला की पानांत चीक वाढतो.

हा चीक एकदा डोळ्यांनी बघून घ्या. सकाळी सहाला एका चांगल्या झाडाचं खालचं पान देठापाशी मोडा. मोडल्या जागी दुधाचा बारीकसा थेंब येतो आणि दहा मिनिटांत तपकिरी पडतो. लेट्यूसच्या शास्त्रीय नावातलं 'लॅक्टुका' याच दुधावरून आलं आहे. थेंब जिभेला लावा, कडूपणा कुठून येतो ते कळेल. मग दांडा चढलेल्या झाडाचं पान मोडा. तिथे थेंब नसतो, धार असते. माल कडू निघणार की नाही हे मी आजही असंच बघते. मीटर-बिटर काही लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. सँडविचवाल्याने आइसबर्ग मागितलं आणि तुम्ही आइसबर्ग लावलं, इतकं ते सरळ नाही. तुमच्या शेतावरून जाणारा रस्ता वर माळशेजला जातो. त्याच रस्त्याने जुन्नर-ओतूरकडचा भाजीपाला रात्री खाली कल्याणला उतरतो. ती जमीन सहा-सातशे मीटर उंचीवर आहे. हवा हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंड होत जाते, असा हिशेब धरला तर त्यांना तुमच्यापेक्षा चार अंश फुकट मिळतात. आइसबर्गचा गड्डा टणक असतो, प्रवासाला दणकट असतो, क्रेटमध्ये दोन दिवस सहज काढतो. पुणे-नाशिककडून वाशीच्या एपीएमसीत तो किलोवर येतो आणि आवक वाढली की भाव पडतो. किलोच्या भावात घाटावरच्याशी लढायचं, तेही त्याच्यापेक्षा गरम जमिनीत? मी लढणार नाही.

जागेचा हिशेबही करू. गुंठ्यात १,०८९ चौरस फूट. पायवाटा सोडल्या तर वाफ्याला साधारण ६५० उरतात. आइसबर्गला फूट-फूट अंतर लागतं, म्हणजे ६५० गड्डे, आणि पुनर्लागणीनंतर ते साठ दिवस जागा अडवून बसतात. पानाचं लेट्यूस, म्हणजे लोलो किंवा ओकलीफ, आठ इंचांवर बसतं आणि पुनर्लागणीनंतर तीस दिवसांत निघतं. त्याच साठ दिवसांत, त्याच वाफ्यात दोन पिकं मिळून २,९०० च्या वर झाडं. एवढी खपणार कुठे, हा प्रश्न आहेच, त्याकडे येतेच. पण प्रत्येक चौरस फुटाला रोजचं भाडं लावून बघितलं की आइसबर्ग हा फार आळशी भाडेकरू ठरतो.

म्हणून मी जात निवडताना उलटा प्रश्न विचारते: ट्रकमध्ये काय मरतं? ज्याला घाट उतरवत नाही ते तुमचं.

बटरहेड घ्या. पानं लोण्यासारखी, बोटाचा ठसाही त्यावर उमटतो. क्रेटमध्ये एकावर एक ठेवलं की खालच्याचं भरीत. मोठ्या बाजारात ते चांगल्या रूपात क्वचितच दिसतं. तुम्ही मात्र पहाटे काढून नऊच्या आत घोडबंदरच्या कॅफेत पोचवू शकता. ओकलीफचंही तेच. पानाच्या कडा नाजूक, पण ताटलीत काय दिसतं! या दोन प्रकारांत गिऱ्हाईक जवळ असणं हेच तुमचं भांडवल आहे. बटरक्रंच ही बटरहेडमधली जुनी अमेरिकन जात आहे. गड्डा लहान, पानं जरा जाड, आणि तिच्या भावंडांपेक्षा उष्णता थोडी जास्त सोसते. मी सुरुवात तिनेच केली असती.

केली असती म्हणते, कारण प्रत्यक्षात मी सुरुवात चुकीच्या महिन्यात केली. पनवेलच्या पुढे नेऱ्याकडे आमचा छोटा पॉलिथिन छपराचा मांडव आहे. पहिल्याच वर्षी हौसेने जुलैत बटरहेड लावलं. बाहेरून गड्डे असे देखणे की फोटो काढून सगळ्यांना पाठवले. एका हॉटेलात ४० गड्डे दिले आणि दुपारी फोन आला, "मॅडम, आत सडलंय." उघडून पाहिलं तर गाभ्यातल्या कोवळ्या पानांच्या कडा जळल्यासारख्या काळ्या. याला टिपबर्न म्हणतात आणि हा रोग नाही. पान पाणी बाहेर टाकतं, त्या ओढीने मुळांकडून कॅल्शियम वर चढतं. कोंदट हवेत, त्यातून मिटलेल्या गाभ्यात, ओढच उरत नाही. जमिनीत कॅल्शियम भरपूर असलं तरी ते गाभ्यापर्यंत पोचत नाही. वरून फवारलं तरी मिटलेल्या पानांच्या आत जात नाही. हवा खेळती ठेवणं हा एक उपाय, आणि पावसाळ्यात गाभा मिटणारी जात लावायचीच नाही हा खरा उपाय. त्या ४० गड्ड्यांचे पैसे मी घेतले नाहीत. ते हॉटेल अजून माझ्याकडून माल घेतं, पण मी गड्डे देते फक्त डिसेंबर ते फेब्रुवारी.

सँडविचवाल्याचं काय? त्याला आइसबर्ग हवं आहे असं तो म्हणतो, पण त्याला खरं हवा आहे कुरकुरीतपणा. टोस्ट गरम असतो, चटणी ओली असते, आणि पान चावताना कर्रकन वाजलं पाहिजे. लोलोचं पान तिथे ओल्या रुमालासारखं बसतं, ते त्याला देऊच नका. त्याच्यासाठी बटाव्हिया लावा. काही पाकिटांवर हाच प्रकार 'समर क्रिस्प' नावाने येतो. हा आइसबर्ग आणि पानाचं लेट्यूस यांच्या मधला भाऊ आहे: पान जाड, लाटालाटांचं, कुरकुरीत, पण झाड उघडं राहतं आणि गड्डा घट्ट बांधायची त्याला सक्ती नाही. कोणत्याही टप्प्यावर काढता येतं. दांडा चढायलाही तो इतरांपेक्षा वेळ लावतो. नेवाडा, सिएरा, म्युअर ही यातली जगभर उन्हाळ्यासाठी लावली जाणारी नावं आहेत. नेमकी हीच मिळाली नाहीत तरी हरकत नाही, दुकानात बटाव्हिया हा शब्द धरून बसा. आपल्या किनारपट्टीला एकच प्रकार निवडायला सांगितला तर मी डोळे मिटून हाच सांगेन.

विकताना मात्र नावात शिरू नका. मी एका गाडीवाल्याला "बटाव्हिया आहे" सांगितलं तर तो म्हणाला, "आपल्याला सलाड पत्ता पाहिजे." दुसऱ्या दिवशी काही न बोलता चार पानं धुऊन, पुसून त्याच्या पाटावर ठेवली. त्याने एक सँडविच बनवलं, स्वतः खाल्लं, आणि "उद्यापासून दहा ठेवा" म्हणाला. हल्ली तो त्यालाच आइसबर्ग म्हणतो. मी त्याची चूक दुरुस्त करत नाही.

रोमेन, म्हणजे लांब, उभ्या पानांचं लेट्यूस, कॅफेवाल्यांना सीझर सॅलडसाठी लागतं. पॅरिस आयलंड कॉस सहज मिळते. इस्राएलच्या वाळवंटी हवेसाठी तयार केलेली जेरिको मिळाली तर जास्त बरं. कॅफेने आधी शब्द दिला तरच लावा, उरलेलं रोमेन सोसायटीत कुणी घेत नाही.

लाल जातींबद्दल एक धोक्याची सूचना. लोलो रोसोचा तो जांभळट लाल रंग बियाण्यात लिहिलेला असतो हे अर्धसत्य आहे. उरलेला अर्धा रंग भरपूर उजेड आणि थंड रात्री देतात. जानेवारीत तुमच्याकडे लोलो रोसो डाळिंबासारखं होईल. तेच पावसाळ्यात ढगाखाली, वरून प्लास्टिकचं छप्पर, की फिक्या पानाला नुसती तांबूस कड उरते, आणि गिऱ्हाईक विचारतं, "हे तेच का?" लाल जाती फक्त हिवाळ्यात. हिरवी लोलो, म्हणजे लोलो बियोंडा, वर्षात जास्त महिने साथ देते.

आता ती १४ जातींची यादी. खोडायला घ्या. परदेशी कॅटलॉगमधलं 'दांडा उशिरा चढतो' हे वाक्य वाचताना तो दावा कुठल्या हवेतला आहे ते आठवा. हॉलंडमध्ये जूनचा दिवस सोळा तासांच्या वर असतो, दांडा चढायला तिथे लांब दिवस कारण होतो. आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. आपल्याकडे घात करते ती उष्णता, आणि त्यातही रात्रीची. मे महिन्यात ठाण्याची रात्र सत्तावीसच्या खाली यायला तयार नसते. तिकडच्या परीक्षेत पहिला आलेला इकडच्या पेपरात नापास होऊ शकतो. पाकिटावर 'बीएल' आणि पुढे आकड्यांची रांग दिसली तर ती केवडा रोगाच्या प्रकारांविरुद्धची प्रतिकारशक्ती असते. तो रोग थंड, ओल्या हवेतला आहे, म्हणून त्या आकड्यांसाठी तुम्ही जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. टिपबर्न आणि उष्णता सोसण्याबद्दल काही लिहिलं असेल तर तेवढं वाचा. आपल्याकडच्या जुन्या फलोत्पादनाच्या पुस्तकांत चायनीज यलो आणि स्लोबोल्ट ही नावं सापडतात. ही साधी, पानाची लेट्यूस आहेत, दिसायला फार देखणी नाहीत, पण मिळाली तर एक वाफा करून बघा.

'हायब्रीड' हा शब्द मोठ्या अक्षरात असेल तर दुकानदाराला दोन प्रश्न जास्त विचारा. लेट्यूसचं फूल बारीक असतं, एकदाच सकाळी थोडा वेळ उमलतं आणि स्वतःचं स्वतःच फळतं. त्याचा संकर करणं किचकट काम आहे, म्हणून बाजारातल्या बहुतेक जाती सरळ वाणच असतात. याचा तुम्हाला फायदा: आवडलेल्या जातीची दोन झाडं मुद्दाम फुलू देऊन पुढच्या वर्षाचं घरचं बी धरता येतं. दमट हवेत ते टिकत नाही, घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा.

वर्षभर घेता येईल का? याचं प्रामाणिक उत्तर आहे: पीक वर्षभर, पण तेच पीक नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पेरलेलं काहीही जमतं: बटरक्रंच, ओकलीफ, दोन्ही लोलो, रोमेन. तुमच्या भागात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मुंबईपेक्षा चांगल्याच उतरतात, त्याचा पुरेपूर फायदा घ्या. हट्टच असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वीस आइसबर्ग लावा, सासूबाईंसाठी. फेब्रुवारीनंतर फक्त बटाव्हिया, आणि तोही पूर्ण वाढीची वाट न बघता लहान असताना काढायचा. मार्चनंतर मी तर गड्ड्याचा नादच सोडते आणि बी दाट पेरून पंचवीस-तीस दिवसांत वीतभर कोवळी पानं कापून पाकिटात देते. दांडा चढायच्या आत पीक घरी. नीट कापलं तर दुसरी कापणीही मिळते. पावसाळ्यात नुसतं शेडनेट कामाचं नाही. अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस त्या जाळीतून सरळ पानांवर येतो. वर छप्पर असेल तर हिरवी लोलो आणि बटाव्हिया, अंतर जरा मोकळं ठेवून. छप्पर नसेल तर जून ते सप्टेंबर वाफे झाकून ठेवा आणि आपण आराम करा. मे आणि ऑक्टोबर हिटच्या दिवसांत गिऱ्हाइकाला आधीच सांगून माल कमी करा. न सांगता कमी केला की तो दुसरीकडे जातो.

निम्मं बी न उगवल्याचं कारण वेगळं आहे आणि ते सोपं आहे. तीस अंशांच्या आसपास गेलं की लेट्यूसचं बी झोपी जातं. मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. भिजल्यानंतरचे पहिले काही तास थंड मिळाले तर ते निघतं. म्हणून सकाळी पेरू नका. संध्याकाळी ट्रे भरा, बी कोकोपीटवर ठेवून वर नुसती भुरभुर टाका, खोल गाडू नका, कारण बऱ्याच जातींना उगवायला उजेड लागतो. पाणी द्या आणि ट्रे घरातल्या सर्वांत गार फरशीवर ठेवा. गरम दिवसांत साधं बी ओल्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग पेरा. मातीचा लेप दिलेल्या गोळीच्या बियाला मात्र हे करू नका, लेप विरघळून लगदा होतो. गोळीचं बी फार दिवस टिकतही नाही, त्यामुळे हंगामापुरतंच घ्या. साध्या बियाचे एका ग्रॅममध्ये हजाराच्या जवळपास दाणे असतात. दोन-दोन ग्रॅमचं पाकीट तुम्हाला पुष्कळ झालं.

भाच्याला म्हणावं, कल्पना वाईट नाही, पण आधी मुरबाडचं लोडशेडिंग मोजून ये. पाईपमधून पातळ धारेने पाणी फिरवायच्या पद्धतीत पंप बंद पडला की मे महिन्यात मुळं दोन-तीन तासांत माना टाकतात. शिवाय पाणी पंचविशीच्या वर तापलं की मुळं कुजायला लागतात, म्हणजे चिलर आला, आणि चिलरचं बिल आलं. एक हिवाळा मातीत, गादीवाफ्यावर काढा. गिऱ्हाईक टिकलं तर त्या गिऱ्हाइकाच्या पैशावर पाईप आणा.

आणि किती लावायचं? सँडविचवाला, दोन कॅफे आणि तुमच्या सोसायटीतली घरं मिळून आठवड्याला १०० गड्डे जातील असं धरा. उगवणीत, रोपांत आणि काढणीत प्रत्येकी दहा टक्के गळती धरली तर दर आठवड्याला १४० दाणे पेरायचे, म्हणजे ९८ खाचांचा दीड ट्रे. वाफ्यात पाच आठवड्यांची झाडं एकाच वेळी उभी राहिली तरी २८० चौरस फूट पुरतात, अर्ध्याहून कमी. उरलेल्या जागेत कोथिंबीर, मेथी घ्या. सगळा वाफा एकदम लेट्यूसने भरलात तर एकाच आठवड्यात चौदाशे गड्डे तयार होतील आणि तुम्ही ते शेजाऱ्यांना वाटत फिराल. मी फिरले आहे. शेजारी दुसऱ्या खेपेला दार उघडत नाहीत.

पहिल्या हिवाळ्याला तीनच जाती: एक बटाव्हिया, बटरक्रंच, हिरवी लोलो. थोडी लाल लोलो रंगाला, हवी तर. दर पेरणीला वहीत तीन तारखा लिहा: पेरली कधी, काढायला आली कधी, पहिला दांडा दिसला कधी. दुसरी आणि तिसरी तारीख यांच्यामध्ये किती दिवस मिळाले, ती तुमची विक्रीची खिडकी. जी जात तुमच्या मातीत मार्चमध्येही दहा दिवसांची खिडकी देईल ती ठेवा, बाकीच्या दुकानदाराच्या यादीत परत.

हे पान लोक कच्चं खातात, म्हणून पाणी बोअरचं किंवा स्वच्छ विहिरीचंच, आणि शेण-गोमूत्राचं जीवामृत पानांवर कधीही नाही, पहिल्या दोन आठवड्यांनंतर मुळाशीही नाही.

सासूबाईंच्या वाट्याला आलेल्या त्या कडू झाडांचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. दांडा हिरवा आणि कोवळा असेल तर साल जाड सोलून काढा, कडूपणा बराचसा सालीतच असतो. आतला गर काकडीसारखा निघतो. चीनमध्ये तर या दांड्यासाठीच लेट्यूसची वेगळी जात लावतात. चकत्या करून लसूण-हिरव्या मिरचीच्या फोडणीवर परता, वरून थोडं दाण्याचं कूट. कडक झालेले दांडे आणि पानं बकरीला.